ऑटिझम, स्किझोफ्रेनिया आणि 'लोक काय म्हणतील': बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यातल्या घरांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच तोंडचे आहेत, म्हणून 'खुळं', 'बाहेरचं' हे शब्द तसेच ठेवले आहेत. आजारापेक्षा तो लपवण्याच्या खटपटीत घर जास्त खचतं, हे यातल्या बहुतेक प्रश्नांमागे आहे. उत्तरंही त्याच अंगानं दिली आहेत.

१. ऑटिझम आणि स्किझोफ्रेनिया एकच आहे का? आमच्याकडे दोघांनाही 'खुळं'च म्हणतात.

नाही. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता. यात मेंदूची जडणघडण मुळातच वेगळी असते. तो मोठेपणी 'लागत' नाही आणि औषधानं 'जात' नाही. खुणा साधारण पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसू लागतात: नजर कमी देणं, बोटानं न दाखवणं, तेच तेच करत राहणं, ठरावीक आवाज किंवा कपडा सहन न होणं.

स्किझोफ्रेनिया हा आजार आहे. तोवर नीट शिकणाऱ्या, कामाला जाणाऱ्या माणसाला तो बहुतेकदा पंधरा ते तिशीच्या दरम्यान होतो. कोणी नसताना आवाज ऐकू येतात, 'माझ्यावर पाळत आहे' असं पक्कं वाटतं, अंघोळ-जेवणाचं भान सुटतं. औषधानं तो पुष्कळ जणांत आटोक्यात येतो.

दोन्हींची गल्लत डॉक्टरांकडूनही अनेक वर्षं झाली. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमचं वेगळं वर्णन केलं, तरी अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत तो १९८० मध्येच स्किझोफ्रेनियापासून वेगळा काढला गेला. बौद्धिक अपंगत्व ही तिसरीच गोष्ट. ती ऑटिझमबरोबर असू शकते, नसूही शकते. एकाच नावाखाली सगळे आले की ऑटिझमच्या मुलाला झोपेच्या गोळ्या मिळतात आणि स्किझोफ्रेनियाच्या तरुणाला 'जन्मजात आहे, काही होणार नाही' म्हणून सोडून दिलं जातं.

२. मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नाही. घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, शेजारी उर्दू. भाषांच्या गोंधळानं असं झालं का?

दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम होत नाही आणि ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणंही त्यानं मागे पडत नाही. यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. तरीही 'आता घरात मराठी बंद करा, एकच भाषा बोला' असा सल्ला सीमाभागात सर्रास मिळतो. तो मानू नका. आईला मोकळेपणी येणारी भाषाच बंद केली की तिचं मुलाशी बोलणं कमी होतं, आणि त्या मुलाला नेमकी बोलण्याचीच गरज असते. आजी-आजोबांशी नातं तुटतं ते वेगळंच.

बोलणं उशिरा आहे एवढ्यावर थांबू नका, पुढच्या गोष्टी बघा. वर्षाचा झाल्यावर नाव घेतलं तर वळून बघतो का? दीड वर्षापर्यंत 'ते बघ' म्हणून बोटानं काही दाखवतो का? हवं ते मागायला तुमचा हात धरून ओढत नेतो, पण तुमच्या तोंडाकडे बघत नाही, असं होतं का? गाडी चालवण्याऐवजी तिचं चाकच फिरवत बसतो का? आधी येत असलेले शब्द गेले का? यातलं काही असेल तर आधी कान तपासून घ्या. ऐकू न येणारं मूलही हाक मारल्यावर वळत नाही. त्यानंतर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. ते जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं असतं आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी तिथे मोफत होते. 'याचे वडीलही चार वर्षांचे होईतो बोलत नव्हते' हे वाक्य ऐकून थांबलेली दोन वर्षं भरून काढणं फार अवघड जातं.

३. 'आईनं मोबाइल दिला, गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही, म्हणून असं झालं' असं सासरी म्हणतात. काय उत्तर द्यायचं?

ऑटिझम आईच्या वागण्यानं होत नाही. आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं, हे मत पाश्चात्त्य डॉक्टरांतही एके काळी होतं आणि ते खोटं ठरलं. ग्रहणाचा काही संबंध नाही. लसीचाही नाही: गोवराच्या लसीला दोष देणारा १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला. मोबाइल तासन्‌तास दिल्यानं बोलण्या-खेळण्याची संधी जाते, म्हणून तो कमी करायचा; ऑटिझमचं कारण म्हणून नव्हे.

वाद घालून सासूबाई बदलत नाहीत. त्यापेक्षा पुढच्या भेटीला नवऱ्याला आणि सासऱ्यांना बरोबर न्या. 'हे कशामुळे झालं?' हा प्रश्न त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा आणि उत्तर डॉक्टरांच्याच तोंडून येऊ द्या.

४. 'बाहेरचं आहे, करणी केलीय' म्हणतात. एकदा देवऋषीकडे नेऊन बघितलं तर काय बिघडतं?

बिघडतो तो वेळ. स्किझोफ्रेनियाच्या पहिल्या झटक्यानंतर उपचार जितके लांबतात, तितकं माणूस पूर्ववत होणं कठीण जातं. उतारे, गंडे, अमावास्या-पौर्णिमांच्या वाऱ्या यांत सहा महिने कसे जातात कळत नाही. तोवर नोकरी गेलेली असते, कर्ज झालेलं असतं आणि गावभर बभ्राही. म्हणजे जे लपवायचं होतं तेही लपत नाही.

देवाला जायला आमची हरकत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला जा, नवस फेडा, अंगारा लावा. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांकडेही जा, आणि कोणी कितीही सांगितलं तरी गोळी बंद करू नका. मारहाण, चटके, मिरचीची धुरी, उपाशी ठेवणं यातलं काही सुरू झालं तर तिथून उठा. भूत काढण्याच्या नावाखालचे असे प्रकार रोखण्यासाठी कर्नाटकात अमानुष प्रथा आणि काळ्या जादूविरोधी कायदा आहे. तो २०१७ साली मंजूर झाला आणि २०२० पासून लागू आहे.

आपल्या भागातली एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आजारात केसांकडे लक्ष राहत नाही. महिनोन्‌महिने न विंचरलेल्या केसांची जट होते आणि मग 'यल्लम्माचं बोलावणं आलं' म्हणतात. कोमट पाणी, भरपूर तेल आणि धीर असेल तर जट सुटते. नाही सुटली तर कापता येते. मुलीला देवदासी म्हणून देवीला सोडणं हा कर्नाटकात कायद्यानं गुन्हा आहे.

साखळीनं बांधणं तर कुठेच चालत नाही: घरात नाही, मठात नाही, दवाखान्यातही नाही. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांमुळे पळता न आल्यानं २८ माणसं गेली. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम ९५ साखळीला पूर्ण मनाई करतं. घरात कोणाला बांधून किंवा कोंडून ठेवलेलं दिसलं, तर कोणीही पोलिसांना कळवू शकतं.

५. दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी मान वाकडी झाली, डोळे वर गेले, जीभ बाहेर आली. सगळे म्हणाले, 'बघा, अंगात आलं.' आता परत दवाखान्यात नेऊ का?

लगेच न्या, रात्र असली तरी. हा स्किझोफ्रेनियात देतात त्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे: मान, डोळे, जबडा यांचे स्नायू आखडतात. तो बहुधा औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर पहिल्या काही दिवसांत होतो, तरुण मुलांत जास्त. उतारा म्हणून दुसरं इंजेक्शन देतात आणि बरेचदा अर्ध्या तासात मान सरळ होते. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर १०८ ला फोन करा. दिलेल्या औषधाची चिठ्ठी बरोबर ठेवा, आणि या औषधानं असं झालं होतं हे प्रत्येक नव्या डॉक्टरांना सांगा.

या एका दुष्परिणामामुळे कितीतरी घरांनी औषध कायमचं सोडलं आहे. पहिल्या भेटीतच डॉक्टरांना विचारा, 'या औषधानं मान आखडते का? आखडली तर काय करायचं?'

६. दाखवायचं कुठं? 'धारवाड'चं नाव काढलं तरी घरात रडारड सुरू होते.

'ह्याला धारवाडला पाठवा' हा टोमणा ऐकतच आपण मोठे झालो, म्हणून ही भीती. धारवाडची संस्था आज मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञानाची शिक्षणसंस्था, डिम्हान्स, आहे. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे आणि तपासणी करून त्याच दिवशी घरी परत येता येतं. दाखल करावं लागलं तरी माणूस कायमचा आत राहत नाही. रुग्णाच्या मर्जीविरुद्ध दाखल करायची वेळ आली, तर ते मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ८९ नुसार पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी, आणि तेही एका मनोविकारतज्ज्ञानं आणि आणखी एकानं वेगवेगळं तपासल्यावर.

पण सुरुवात धारवाडपासून करायची गरज नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात 'मनोचैतन्य' शिबिराचा मंगळवार कुठला, ते विचारा. त्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ येतात. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि केएलईचं रुग्णालय आहे. निपाणी-चिक्कोडीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय सोयीचं, खानापूरच्या खालच्या अंगाच्यांना कधी गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय. घरातून निघायच्या आधी बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६. हा सरकारी नंबर दिवसरात्र मोफत चालतो आणि मराठीतून बोलता येतं.

७. डॉक्टर कन्नडमध्ये बोलतात, आम्हाला अर्धंच कळतं. परक्यासमोर हे सगळं दुभाष्याकडून सांगायची लाज वाटते.

आजार काय, उपचार काय, ही माहिती समजेल अशा भाषेत मिळणं हा मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २२ नुसार हक्क आहे. 'नीट समजलं नाही, मराठीत सांगणारं कोणी आहे का?' असं विचारायला संकोच नको. बहुतेक ठिकाणी एखादी परिचारिका किंवा शिकाऊ डॉक्टर मराठी जाणणारा निघतोच.

गल्लीतल्या माणसाला दुभाषा म्हणून नेऊ नका. त्याला सगळं कळतं आणि तो अर्धं गाळून सांगतो. लहान मुलांनाही हे काम देऊ नका. त्यापेक्षा घरूनच एक पान लिहून न्या: त्रास कधीपासून, झोप किती तास, जेवण कसं, बिडी-दारू-गांजा आहे का, आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, घराण्यात कोणाला असा त्रास होता का. माणूस जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत लिहा. 'मनातलं सगळ्यांना ऐकू जातंय', 'टीव्हीवाला माझ्याबद्दल बोलतो' ही वाक्यं निदानाला फार उपयोगी पडतात. 'येड्यासारखं करतो' एवढ्यावर दुभाष्यानं भागवलं, तर डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही.

८. अशी माणसं अंगावर येतात, मारतात, हे खरं का? भाड्यानं खोली द्यायला लोक घाबरतात.

बहुतेक जण कोणालाच इजा करत नाहीत. ते स्वतः मार खाण्याची, फसवले जाण्याची शक्यता जास्त असते. आणि सर्वांत मोठा धोका असतो तो त्यांच्याच जिवाला. धोका वाढतो तो उपचार नसताना, दारू-गांजा चालू असताना, किंवा 'मला मारायला आलेत' असा भ्रम शिगेला पोचलेला असताना.

अशा वेळी समोर एकच माणूस असावा, तोही हातभर लांब. दरवाजा अडवून उभं राहू नका. आवाज खाली ठेवा. 'असं काही नाहीच, तुला भास होतोय' म्हणून भांडू नका आणि 'हो हो, खरंच आलेत' असंही म्हणू नका. 'तुला फार भीती वाटतेय ना, मी इथंच आहे' एवढं पुरतं. विळी, कोयता, कीटकनाशकाचे डबे आधीच उचलून ठेवा. हाताबाहेर गेलं तर ११२ ला फोन करा आणि 'मानसिक आजारी आहे, औषध चालू होतं' हे पहिल्याच वाक्यात सांगा.

९. गोळी घ्यायला तयारच नाही. भाजीत चुरून दिली तर?

आम्ही 'देऊ नका' म्हणतो. ज्याला आधीच वाटतंय की घरचे जेवणात काहीतरी घालतात, त्याला एक दिवस ताटात कडू कण सापडतो आणि त्याचा संशय खरा ठरतो. त्यानंतर तो घरचं जेवणच सोडतो. आणि चोरून दिलेल्या गोळीचे दुष्परिणाम तो कोणाला सांगू शकत नाही.

गोळी का नको, ते आधी शोधा. अंग जड होतं, तोंडातून लाळ येते, वजन वाढतं, पाय सारखे हलवावेसे वाटतात, या खऱ्या तक्रारी असतात आणि औषध बदलून किंवा मात्रा कमी करून सुटतात. रोजची गोळी सगळ्यांसमोर घ्यायची लाज वाटत असेल, तर दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं. ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. आणखी एक: सुरुवातीला नुसती झोप येते. भास-भ्रम कमी व्हायला काही आठवडे लागतात. 'नुसता झोपतोय' म्हणून आठव्या दिवशी गोळी थांबवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. पहिल्या झटक्यानंतर बरं वाटू लागल्यावरही किमान एक-दोन वर्षं औषध चालू ठेवतात.

१०. लक्ष्मी यात्रेत मुलगा कान दाबून जमिनीवर लोळतो, ओरडतो. लोक म्हणतात, 'आईबापानं वळण लावलं नाही.'

हट्ट आणि हे वेगळं आहे. हट्टी मूल ओरडताना मधूनच तुमच्याकडे बघतं, खेळणं मिळालं की थांबतं. ऑटिझमच्या मुलाला हलगीचा आवाज, भंडारा, गर्दीचा धक्का हे सगळं एकाच वेळी सोसवत नाही. त्याला खेळणं देऊनही उपयोग नसतो, चापट मारून तर त्रास दुप्पट होतो.

त्याला तिथून बाजूला न्या. शक्य तितकं कमी बोला. 'काय झालं? का रडतोस?' हे प्रश्नही त्या क्षणी जास्तीचेच असतात. शांत कोपरा, पाणी, त्याची नेहमीची वस्तू, आणि वेळ. अर्धा तासही लागेल. पुढच्या वेळी सकाळी गर्दी नसताना दर्शन उरकून घ्या, कानात बोळे किंवा हेडफोन घाला, आदल्या दिवशी त्याला देवळाचे फोटो दाखवून ठेवा. भोवती जमलेल्यांना एकच वाक्य: 'त्याला ऑटिझम आहे, आवाज सहन होत नाही, जरा वाट द्या.' बहुतेक लोक वाट देतात. वळणाची शिकवण देणारे दोघे-तिघे असतातच. त्यांना त्या वेळी उत्तर द्यायची गरज नाही.

११. भावकीला, शेजाऱ्यांना सांगायचं की नाही? सांगितलं तर किती?

सगळ्यांना सगळं सांगायचं नसतं, पण कोणालाच काही न सांगणं महागात पडतं. सांगितलं नाही की लोक आपापली गोष्ट रचतात, आणि ती खऱ्यापेक्षा वाईट असते.

चार माणसं निवडा: भिंतीला भिंत असलेला शेजारी, भावकीतला ज्याचं ऐकतात असा एक वडीलधारा, कोपऱ्यावरचा दुकानदार, आणि मूल असेल तर त्याचे वर्गशिक्षक. आजाराचं नाव सांगा, औषध चालू आहे ते सांगा, आणि त्यांनी काय करायचं ते सांगा. उदाहरणार्थ: 'रमेशला मेंदूचा आजार आहे, बेळगावच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे. एकटा बोलताना दिसला तर हसू नका, पोरांना चिडवू देऊ नका. रात्री बाहेर पडलेला दिसला तर आम्हाला फोन करा.' काय करायचं ते हातात दिलं की माणसं सहसा कुजबुज सोडून मदत करतात.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. शक्य असेल तिथे ज्याचा आजार आहे त्याला विचारूनच सांगा. दवाखान्यातून कोणी बातमी फोडली तर ती मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ मधल्या गोपनीयतेच्या हक्कावर गदा आहे. अपंग व्यक्तीला चारचौघांत मुद्दाम अपमानित करणं हा अपंग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ९२ खाली गुन्हा आहे: सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. तक्रारीची पाळी क्वचितच येते, पण हे कलम माहीत आहे एवढं कळलं तरी गल्लीतली चिडवाचिडवी कमी होते.

१२. शाळा म्हणते, 'असं मूल आम्हाला झेपणार नाही, दुसरीकडे बघा.'

तोंडी नकारावर परत येऊ नका. प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. नकार असेल तर तो कारणासह लेखी मागा. इथेच निम्म्या शाळा नरमतात. पुढची पायरी तालुक्याचे क्षेत्रशिक्षणाधिकारी, त्यानंतर बंगळूरचे राज्य अपंग आयुक्त. सरकारी किंवा सरकारमान्य शाळेनं समावेशक शिक्षण द्यायचं, हे २०१६ च्या कायद्याचं कलम १६. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देतं.

मराठी शाळा हवी असेल तर तीच मागा. 'विशेष शिक्षक कन्नडच आहेत' हे माध्यम बदलायचं कारण होऊ शकत नाही. वर्गात मराठीतून शिकताना चित्रं आणि वेळापत्रकाची पट्टी वापरणं कुठल्याही शिक्षकाला जमतं.

१३. 'लग्न करून द्या, आपोआप बरा होईल' असा सगळ्यांचा आग्रह आहे.

लग्न हा उपचार नव्हे. उलट स्किझोफ्रेनियात लग्नाचे दिवस हेच पुन्हा आजार उसळण्याचे दिवस असतात. हळदीपासून जागरणं, पाहुण्यांचा गोंधळ, आणि नव्या घरात गोळी कशी घ्यायची हा पेच. नवी सून गोळ्यांचं पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात रुमालात गुंडाळून ठेवते. खोलीत सतत कोणी ना कोणी असतं, म्हणून दोन दिवस चुकतात, मग आठवडा. महिन्या-दीड महिन्यात तिला माहेरी आणून सोडतात आणि 'फसवलं' म्हणतात.

आजार आटोक्यात असलेली पुष्कळ माणसं चांगला संसार करतात. त्यासाठी साखरपुड्याआधी सांगा. मध्यस्थाकरवी नको, दोघांनी आणि दोन्हीकडच्या एकेका मोठ्यानं डॉक्टरांना एकत्र भेटावं. आजाराचं नाव, कधीपासून, गोळी कुठली, शेवटचा झटका कधी, गोळी बंद केली तर काय होतं, हे पाचही सांगा. काही स्थळं मोडतील. जी टिकतील त्यांत गोळी उघड्यावर घेता येईल. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. सोडियम व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं गर्भाला घातक असतात. पण दिवस गेलेत कळल्यावर सगळ्या गोळ्या स्वतःहून थांबवणंही तितकंच धोक्याचं.

१४. लग्नाआधी सांगितलं नव्हतं. आता सासरच्यांना कळलंय आणि ते सोडचिठ्ठी मागतात. आजार आहे म्हणून लग्न आपोआप रद्द होतं का?

आपोआप काहीच होत नाही, न्यायालयात जावं लागतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली, असं म्हणून लग्न रद्द करून मागता येतं. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत, आणि कळल्यावरही राजीखुशीनं एकत्र राहिलेले नसतील तरच. कलम १३ खाली घटस्फोटासाठी नुसतं 'स्किझोफ्रेनिया' हे नाव पुरत नाही. जोडीदाराबरोबर राहणं वाजवीपणे शक्य नाही इतका आजार आहे, हे सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कोऱ्या किंवा न समजणाऱ्या कन्नड कागदावर सही करू नका. मानसिक आजारी आणि अपंग व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

१५. मोठ्या भावाला आजार आहे. त्यामुळे बहिणीचं लग्न अडेल का? घराण्यात उतरतं का?

स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला आयुष्यात कधीतरी होतो; सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात नऊ-दहा. म्हणजे नव्वदजणांना होत नाही. ऑटिझम एका मुलाला असेल तर पुढच्या भावंडाला असण्याची शक्यता सुमारे २० टक्के, म्हणून धाकट्याची तपासणी लवकर करा (प्रश्न २). पाहुण्यांनी विचारलं तर हेच आकडे सांगा. भाऊ घरात कोंडून ठेवून स्थळं दाखवणाऱ्या घरांत तो भाऊ बैठक चालू असतानाच हाक मारतो, आणि मग आजारापेक्षा खोटेपणा नडतो.

१६. 'तो खुळा आहे, त्याची सही कशाला?' म्हणून भाऊ वाटणीतून नाव कमी करतायत.

हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ नुसार आजार किंवा व्यंग यावरून वारसाहक्क जात नाही. मतदानाचा हक्कही, सक्षम न्यायालयानं मन विकल असल्याचं जाहीर केल्याशिवाय जात नाही. आजारी माणूस ज्या काळात बरा असतो, त्या काळात त्यानं समजून केलेला करार कायद्यानं चालतो. उलट आजार भरात असताना घेतलेलं हक्कसोडपत्र न्यायालयात आव्हान देता येतं. म्हणून त्या काळातले दवाखान्याचे कागद जपून ठेवा. दर सहा महिन्यांनी जमिनीचा पहाणी उतारा काढून नाव आहे का, ते बघा. नाव कमी झाल्याचं कळलं की त्याच आठवड्यात तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या.

१७. अपंगत्वाचा दाखला काढला तर जन्मभराचा शिक्का बसेल ना?

दाखला घरातल्या फाइलमध्ये राहतो, दारावर लागत नाही. हवा तिथेच दाखवायचा. न काढल्यानं मात्र पेन्शन, शाळेतल्या सवलती, उच्च शिक्षणातलं ५ टक्के आणि सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण हातचं जातं. त्या चारांपैकी १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुअपंगत्व यांना मिळून आहे.

अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर आधार कार्डासह करायचा. जमत नसेल तर ग्रामपंचायतीतल्या ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्त्याला गाठा. ऑटिझमसाठी ४० मुद्द्यांची आयसा चाचणी होते. मानसिक आजारासाठी 'आयडियाज' मापन: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद-समज, काम, आणि आजाराचा काळ. इथेच घरचे चुकतात. लाजेपोटी 'सगळं करतो हो' म्हणतात आणि टक्के ४० च्या खाली येतात. आठवण करून दिल्याशिवाय अंघोळ करतो का, एकटा बाजारात जाऊन हिशेब आणतो का, असं खरं सांगा. कार्ड पांढरं (४० च्या खाली), पिवळं (४० ते ७९) किंवा निळं (८० आणि वर) मिळतं. मानसिक आजाराचा दाखला बरेचदा ठरावीक मुदतीचा असतो, तारीख बघा.

सीमाभागातला नेहमीचा घोळ नावाचा: आधारवर एक, मराठी शाळेच्या दाखल्यावर दुसरं, कन्नडमधून इंग्रजीत आलेलं तिसरंच. अर्जाआधी आधार दुरुस्त करून घ्या. कार्ड देशभर चालतं, पण पेन्शन जिथे राहता त्या राज्याचीच. कोल्हापूरला उपचार चालू असले तरी पेन्शनचा अर्ज कर्नाटकातच करायचा.

१८. नोकरीच्या ठिकाणी सांगावं का?

मुलाखतीत स्वतःहून सांगायची सक्ती नाही. पण फॉर्मवर थेट विचारलं असेल तर खोटं लिहू नका. लागल्यावर सवलत हवी असेल, म्हणजे रात्रपाळी नको किंवा दवाखान्यासाठी महिन्यातून एक दिवस, तर ती मागण्यापुरतंच सांगा. सरकारी नोकरीत असताना आजार झाला तर त्या कारणावरून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. हे २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम २०.

१९. मुलगा अठरा वर्षांचा झाला. आता त्याच्या वतीनं सही कोण करणार?

ऑटिझम असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंत आहे. स्किझोफ्रेनिया या न्यासात येत नाही. तिथे मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली माणसानं बरा असतानाच साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमावा (कलम १४), आणि झटका आला तर कुठे न्यायचं, काय करू नये, याचं आगाऊ निर्देशपत्र करावं (कलम ५). जो सगळं समजून करू शकतो, त्याच्यावर पालक लादू नका.

२०. ऑटिझम असलेला मुलगा वीस वर्षांचा आहे. हल्ली एकटाच बोलतो. डॉक्टरांनी 'आवाज ऐकू येतात का?' विचारलं, तो 'हो' म्हणाला आणि स्किझोफ्रेनियाचं औषध सुरू झालं. दोन्ही असू शकतं का?

असू शकतं, पण एवढ्यावरून ठरत नाही. ऑटिझममध्ये प्रश्न शब्दशः घेतला जातो. डॉक्टरांचा, पंख्याचा, बाहेरच्या गाडीचा आवाज त्याला ऐकू येतच असतो, म्हणून तो 'हो' म्हणतो. 'खोलीत कोणी नसताना माणसाचं बोलणं ऐकू येतं का? काय म्हणतं?' असं विचारायला हवं. एकटं बोलणंही अनेकदा दिवसभरातलं संभाषण किंवा टीव्हीवरची वाक्यं पुन्हा म्हणणं असतं, आणि ते लहानपणापासून चालत आलेलं असतं.

म्हणून डॉक्टरांना 'आधी कसा होता आणि केव्हापासून बदलला' हे सांगा. लहानपणचे व्हिडिओ आणि आत्ताचे, दोन्ही न्या. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी सोडल्या का, झोप उलटी झाली का, नवी भीती आली का, येत असलेली कामं विसरला का, हे बघा. तासन्‌तास एकाच स्थितीत ताठ बसणं, खाणं-पिणं थांबणं हे सुरू झालं असेल तर ती तातडीची अवस्था आहे, वाट न बघता दाखल करा. रिस्पेरिडोनसारखं औषध ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठीही देतात, त्यामुळे गोळीचं नाव वाचून निदान ठरवू नका. 'हे कशासाठी दिलंय?' हे विचारा, चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि खात्री वाटत नसेल तर गोळी न थांबवता दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या.